भाताची बाजू घेणाऱ्या वत्सलाताई

वत्सलाताईंची आणि माझी ओळख एका झाकलेल्या ताटावरून झाली. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या आमच्या इंदुरी गावात, शाळेच्या व्हरांड्यात, दर मंगळवारी येऊन आहारवर्ग घेऊ लागल्या. नियम एकच होता. घरी वाढतो तसेच ताट रुमालाने झाकून आणायचे, पाहुण्यांसाठी सजवल्यासारखे नको. मी गेले ती भीतीपोटी.

आमच्या ह्यांना मधुमेह होता. भाताने साखर वाढते असे कुणीतरी सांगितले आणि ह्यांनी भात सोडला, पाठोपाठ भाकरीही सोडली. घरात स्वतः पिकवलेल्या इंद्रायणी तांदळाची पोती आणि ताटात काकडी! ऐन भातलावणीत हे बांधावर घेरी येऊन पडले. हात थरथरत होते, घाम दरदरून फुटला होता. शेजारणीने गूळपाणी पाजले तेव्हा कुठे सावरले. पुढच्याच मंगळवारी मी ह्यांना आणि ताटाला घेऊन व्हरांड्यात हजर झाले.

ताईंनी रुमाल उचलला. "काकडी आणि आमटीचं पाणी. बाकी?"

"कायबी न्हाई," हे छाती काढून म्हणाले. "भात-भाकरीचं नाव घेत न्हाई आमी."

"आणि साखरेची गोळी?"

"ती येळच्या येळी."

"अहो आबा, गोळी साखर खाली आणणार. तुम्ही पोटात काही ठेवलंच नाही, तर ती तुम्हालाच खाली आणणार!"

"दुपारी बिस्किटांचा पुडा असतो की, चहासंगं," मी चहाडी केली.

"म्हणजे भाताला हाकललंत आणि मैद्याला पाटावर बसवलंत!"

सगळा व्हरांडा हसला. हेही हसले.

ताईंनी आधी गोळीचे प्रमाण तपासून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवले. मग ताट मांडून दाखवले. एक वाटी भात नाहीतर एक भाकरी, सोबत उसळ, पालेभाजी, घट्ट वरण. "कर्बोदकं म्हणजे अंगातलं सरपण," त्या म्हणाल्या. "घातलं नाही तर चूल विझते, भारा कोंबला तर धूर होतो." पुढे आहारावरची पुस्तके मी आणून वाचली, पण इतके सोपे कुठे सापडले नाही. त्यानंतर हे सात लावण्यांना उभे राहिले, घरचा भात खाऊन.

तीन वर्षांपूर्वी हे हृदयविकाराने गेले. एकटीसाठी कुकर कशाला लावायचा, म्हणून मी चहात पाव बुडवून दिवस काढू लागले. मंगळवारही सोडला. एके दिवशी ताई घोरावाडी स्टेशनला गाडीतून उतरल्या, रिक्षाने थेट माझ्या दारात आल्या.

"सुमन, ताट दाखव."

माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. "मला भूक लागली आहे," म्हणाल्या, आणि भात होईपर्यंत ओट्याशेजारी मेथी निवडत बसल्या. एक वाटी त्यांची, एक माझी. पहिल्या घासाला मला रडू आले. ताईंनी वरण वाढले आणि स्वतः जेवत राहिल्या.

आता मी रोज भात लावते, एक वाटी खाते आणि मंगळवारी ताट झाकून घेऊन जाते. ह्यांची आठवण कमी झालेली नाही. ती पोटभर जेवूनही येते.

ताई यंदा पंच्याहत्तर पूर्ण करीत आहेत. त्यांचे गुडघे, नजर आणि भूक अशीच शाबूत राहोत. नवा तांदूळ घरात आला की मी दोन वाट्या भात लावणार आहे. ताईंनी जेवायला यावे, आणि असेच पुष्कळ वर्षे येत राहावे.