झोपलेल्या उतारूला उठवायचं नाही

“रस्त्याला सोबत लागते, मग ती भांडणाची का असेना,” असं मामा नेहमी म्हणायचे. गाडीत बसलेला माणूस पहिल्या वळणापर्यंत गप्प राहिला, की ते आरशात बघून हे वाक्य सोडत. पुढच्या वळणाला तो माणूस सासऱ्याची कागाळी नाहीतर स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं सांगायला लागलेला असे.

सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, तरी सगळे त्यांना मामाच म्हणत. उभा जन्म भाड्याची गाडी चालवण्यात गेला. फोनवरून गाड्या बोलवायची रीत आली, तीही त्यांनी शिकून घेतली. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. लेक लांब, तिचा फोन यायचा तो तिच्या सवडीनं. पण सकाळी गाडी सुरू केली की मामांना माणसं मिळत. त्या माणसांवरच त्यांचं पोट भरे, आणि हे पोट अन्नाचं नव्हे.

मग आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या. त्या गाड्यांच्या कंपनीला पुढच्या सीटवर बसायला जुने चालक हवे होते. नुसतं बसायचं. स्टिअरिंगचं चाक आपलं आपण फिरतं. हात मांडीवर ठेवून रस्ता बघायचा आणि गाडी चुकतेय असं दिसलं तरच चाक धरायचं. उतारूशी बोलायचं नाही, लक्ष उडतं. बोलायचं काम गाडीकडे. ती गोड गळ्यानं ‘या’ म्हणे, ‘पट्टा लावा’ म्हणे, ‘पोहोचलो’ म्हणे. मामांच्या जिभेला कुलूप लागलं ते असं.

गाडीतळावर गाड्या धुणारी अक्का होती. तिची जीभ मात्र मोकळी.

“मामा, पार बुजगावणं झालात की हो.”

“नाही गं अक्का. बुजगावण्याच्या खांद्यावर निदान कावळा येऊन बसतो.”

अक्का हसली, पण नळीचं पाणी जरा जास्त वेळ एकाच चाकावर मारत राहिली.

तळाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिथे बसून चार माणसं गाड्यांवर लांबून नजर ठेवत. एखादी गाडी रस्त्यात खोळंबली की तिला वाट दाखवत. दुपारी त्या खिडकीतून डब्यांचे आवाज येत, हसणं खाली सांडे, कुणी कुणाची टोपी लपवल्याची तक्रार ऐकू येई. मामा खाली एकटे जेवत आणि मान वर न करता ते सगळं ऐकत. त्या खोलीतली एक खुर्ची मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं.

तळाच्या मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांना मामांची ही इच्छा कळली होती.

“मामा, वर एक जागा होतेय. हा महिना स्वच्छ जाऊ द्या. गरज नसताना चाकाला हात लावू नका. तुम्ही हात लावला की तो गाडीचा दोष धरतात, आणि तिला बनवणारे लोक नसलेली चूक शोधत बसतात. महिना निभावला की वर या. खुर्ची तुमची.”

मामांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते मांडीखाली हात दाबून बसू लागले. हात शिवशिवत, पण मामा त्यांचं ऐकत नसत.

त्यांच्या गाडीत दर आठवड्याला एक शिवणवाल्या बाई येत. बाहीवर हमखास एखादा दोरा चिकटलेला. त्यांचे यजमान शहराच्या टोकाला शुश्रूषागृहात पडून होते. हे मामांना कळलं ते बाई मागच्या सीटवरून बहिणीशी फोनवर बोलत त्यावरून. “आज मला ‘मावशी’ म्हणाले गं,” असं त्या एकदा म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मामांनी पाठीवर झेललं. ओठांवर शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. बाई सुरुवातीला चढताना त्यांच्याकडे बघून मान हलवायच्या. पुढे पुढे तेही राहिलं.

महिना सरत आला होता. त्या सकाळी बाई शुश्रूषागृहाच्या दारातून बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. गाडीत बसताच त्यांनी बहिणीला फोन लावला.

“रात्रभर यांच्या उशाशी होते मी. आता बरे आहेत. माझ्याच डोळ्याला डोळा नाही. ठेवते.”

पुलावर गाडी चढेपर्यंत त्यांची मान काचेला टेकली होती.

जुन्या चालकांचा एक नेम असे. मामांना गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं तो त्यांच्या कानात घातला होता: झोपलेल्या उतारूला उठवायचं नाही. माणूस आपल्या गाडीत झोपला म्हणजे त्यानं स्वतःचा जीव आपल्या पदरात टाकला. मुक्काम आला तर गाडी सावलीत लावावी, काच बोटभर खाली करावी आणि वाट बघावी.

पण ही गाडी थांबली की बोलणार. आधी गोड, मग मोठ्यानं, मग आतले दिवे लावून. मामांनी आरशात बघितलं. बाईंचं तोंड थोडं उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं. बाईंच्या घराच्या गल्लीचं तोंड जवळ आलं. गाडी शहाण्यासारखी वेग उतरवू लागली. तिचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं.

मामांनी मांडीखालून हात काढला आणि चाक धरलं.

चाक हातात सैल झालं. गाडी गप्प राहिली; चाक माणसाच्या हाती गेलं की ती बोलत नसे. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तळव्यांना रस्ता लागला. गतिरोधकांवरून त्यांनी ती अशी नेली, की भरली घागरही हिंदकळू नये. गल्लीमागे पाण्याच्या टाकीजवळ झाडं होती, तिथे सावलीत लावली. खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो घेतला नाही. वरच्या खोलीतली खुर्ची त्यांना स्पष्ट दिसत होती, पाठीला टोपी अडकवलेली. मागून शांत श्वासाचा आवाज येत होता. मामा तो ऐकत बसले.

ऊन सरकून काचेवर आलं तेव्हा बाई दचकून उठल्या.

“कुठे आलो?”

“तुमच्याच गल्लीमागे. झोप लागली होती.”

बाई बघत राहिल्या. “तुम्ही बोलता?”

“बोलायचो.”

“मला वाटायचं, तुम्हीही गाडीबरोबरच आला असाल.”

मामा हसले. इतके दिवस साठवलेलं केवढं तरी सांगायचं होतं. पण अडगळीतली वस्तू हवी तेव्हाच सापडू नये, तसं झालं. “इथं सावली होती,” एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी बाईंना दारात सोडलं. बाई पायरीवर क्षणभर थांबल्या. मग आतून कुणीतरी हाक मारली.

तळावर मॅडमनी बसवून विचारलं, “गाडीचं काय चुकलं?”

“काही नाही. तिनं सगळं बरोबर केलं.”

“मग हात का लावलात?”

“उतारू झोपला होता.”

मॅडमनी उठून दार लोटलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “मामा, कुत्रं आडवं आलं म्हणा ना. मी तसंच वर कळवते.”

“म्हणजे ते लोक नसलेलं कुत्रं शोधत बसतील. आणि ही बिचारी गाडी आंधळी ठरेल.” मामा उठले. “तिच्यावर आळ नको. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही.”

खुर्ची दुसऱ्याला गेली. गाडीवर मात्र डाग राहिला नाही. तिच्या पुढच्या सीटवर आता कुणीच बसायला लागत नाही, असं ठरलं, आणि मामांचं काम संपलं.

शेवटच्या दिवशी मामांनी कंपनीचं जाकीट घडी करून मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि ते फाटकाकडे निघाले. वरच्या खिडकीत हसणं चाललं होतं. तेवढ्यात तीच गाडी, पुढची सीट रिकामी, भाड्याला निघाली. मामा आडवे आलेले बघून थांबली. त्यांनी जुन्या सवयीनं हात केला, जा बाई तू आधी. गाडीला तो हात कळला नाही. कुणाही माणसासाठी थांबावं तशी ती थांबून राहिली. मग मामाच सावकाश पलीकडे गेले, आणि भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले.

वरून कुणी खाली बघितलं नाही. बघत होती ती अक्का. हाक मारावी असं तिला दोनदा वाटलं. मामा कोपऱ्यावर वळले, तरी ती तशीच उभी होती, आणि नळीचं पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं.