पलंगाखालचं पाणी

माझ्या बायकोने ते पाणी ओतलं नव्हतं. आमच्या नात्यात इतकी वर्षं सांगतात की तिने ओतलं, आणि त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचं धुळ्याचं जमत आलेलं लग्न फिसकटलं. हे सगळ्यात आधी सांगितलं मी. तेव्हा ते खोडायचं कामही माझंच. वय झालं आहे, पण माझं अक्षर अजून वाचता येतं, म्हणून लिहून ठेवतो.

जळगावात तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं. आम्ही दोघं, लहान मुलगी आणि शिकायला आलेली माझी बहीण. उन्हाळा लागला की नळ आधी एक दिवसाआड यायचे, मग दोन दिवसांआड, आणि मे महिन्यात कधी येतील ते वरच्या मजल्यावरच्यांनी विचारायचं नसतं. खालच्या मजल्यावर धार करंगळीएवढी असेल, तर आमच्याकडे नळ नुसता सुस्कारे टाकायचा. पाणी खालून कळश्यांनी आणावं लागे.

म्हणून मी अडीअडचणीचं पाणी ठेवायला लागलो. पांढरे प्लास्टिकचे दोन मोठे कॅन आणले आणि पुढच्या खोलीतल्या पलंगाखाली सरकवले. दुसरी जागाच नव्हती. तिथे बहिणीची ट्रंक असायची, ती उचलून कपाटावर ठेवली. तिला पुस्तक हवं असलं की स्टुलावर चढावं लागे. "भाऊ, मी पाण्यावर झोपते आणि पुस्तकं आभाळात," असं ती म्हणायची.

कॅन भरण्याचं काम बायकोचं. सोड्याच्या गरम पाण्याने ती ते खंगाळून घ्यायची, जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून त्यातून पाणी गाळायची, आधी हंड्यात तुरटी फिरवून गाळ बसू द्यायची. कॅन तोंडापर्यंत भरून झाकण घट्ट लावायची. आठवड्याने ते पाणी वापरायला काढायचं आणि नवं भरायचं, असा माझा नियम. तिला सुरुवातीला तो अजिबात पटला नाही. तिच्या माहेरी, पहूरकडे, नळ नव्हताच. रोज सकाळी विहिरीचं ताजं पाणी. कालचं ते शिळं. ताजं आलं की शिळं ओतायचं, भांडी राखेने लख्ख घासायची आणि भरायची. हे तिच्या अंगात भिनलेलं होतं.

"पाणी काय भाजी आहे, शिळं व्हायला?" मी म्हणायचो.

"मग देवाला घाला ना ते पलंगाखालचं," ती म्हणायची.

पहिल्या वर्षी दोनदा तिने नळ आल्यावर दोन्ही कॅन मोरीत ओतले होते. दुसऱ्यांदा नळ मध्येच गेला आणि कॅन रिकामेच राहिले. त्या वेळी मी खूप बोललो. माझी आई फैजपूरहून केळी घेऊन आलेली होती, तिच्यासमोर बोललो. आईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का तेव्हा हसली होती. त्यानंतर बायकोने कधीच ते पाणी फेकलं नाही. उलट ती माझ्यापेक्षा जास्त जपू लागली. मुलीचा चेंडू पलंगाखाली गेला तरी तिला आत शिरू देत नसे. हे मात्र अक्काने पाहिलं नव्हतं.

त्या मे महिन्यात बहिणीसाठी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. एका नातेवाइकाच्या लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं होतं, आणि बहिणीला तो आवडला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता रीतसर बघायला यायचे होते. अक्का आठवडाभर आधीच येऊन राहिली होती.

पाहुणे यायच्या तीन दिवस आधी कचेरीत आमचे साहेब म्हणाले, "आज आमच्याकडे प्यायलासुद्धा पाणी नाही बुवा." त्यांनी काही मागितलं नव्हतं. ते सगळ्यांनाच उद्देशून बोलले होते. बदल्यांचे दिवस होते आणि माझं नाव त्यांच्या हातात होतं. मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडे असतं राखून. घेऊन येतो."

दुपारी मी घरी आलो. बायको अक्काला आणि मुलीला घेऊन बाजारात गेली होती, बहीण मैत्रिणीकडे. मी कॅन बाहेर ओढले, एकेक करून खाली नेले, सायकलच्या कॅरियरला बांधले आणि सायकल ढकलत साहेबांच्या बंगल्यावर गेलो. बाईसाहेबांनी दारातूनच मोलकरणीला हाक मारली. मोलकरणीने मला मागच्या बाजूला नेलं. भांडी घासायच्या जागेजवळ पत्र्याचं पिंप होतं.

"यात ओता."

"प्यायचं आहे ते," मी म्हणालो.

"प्यायचं मघाशीच आलं. हे वापरायला राहू द्या."

मी ओतलं. धोतराच्या फडक्यातून गाळलेलं, तुरटी फिरवलेलं पाणी खरकट्या भांड्यांजवळच्या पिंपात गेलं. रिकामे कॅन घेऊन घरी आलो, पलंगाखाली होते तसे सरकवले. दुसऱ्या दिवशी नळ यायचे होते. आले की कुणाच्या लक्षात यायच्या आत भरून टाकू, असं ठरवलं होतं.

नळ आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी काहीच केलं नाही. कचेरीत गेलो, घरी आलो, जेवलो. सांगायला सकाळ होती, संध्याकाळ होती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी माठाने तळ गाठला. बायको म्हणाली, "असू द्या, कॅनमधलं काढते." अक्का पलंगाजवळच बसली होती, तिनेच हात घालून कॅन ओढला. तो इतक्या सहज बाहेर आला की ती मागे रेलली.

"काय वं, हा तं रिकामा हाये!"

बायको धावत आली. दुसरा कॅन ओढला. तो हलवून पाहिला. "मी नाही हो ओतलं अक्का. मी हातसुद्धा लावलेला नाही."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी शर्टाची बटणं लावत होतो.

"मग कोण ओतणार?" मी म्हणालो. "तुझीच खोड आहे ती."

बायको माझ्याकडे बघत राहिली. बहीण स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होती, तिचा विळीचा आवाज थांबला. बायको उठली. कळशी घेऊन खाली गेली. बऱ्याच वेळाने अर्धी कळशी घेऊन आली. तळमजल्यावर रजया शिवणारं एक मुसलमान कुटुंब राहायचं, त्या बाईंनी स्वतःच्या घड्यातलं दिलं होतं. "ले जाओ भाभी, मेहमानों का मामला है," म्हणाल्या होत्या म्हणे. बाकी अख्ख्या गल्लीत कुणाकडेच नव्हतं. मी थंड पेयाच्या बाटल्या आणून ठेवल्या.

पाहुणे भर उन्हात जीपमधून आले. मुलगा, त्याचे वडील, एक काका, आत्या आणि आणखी एकदोघं. तीन जिने चढून आत्या दारातच टेकल्या.

"पहिले पानी दे वं माय, मंग बठ्ठं." बठ्ठं म्हणजे बाकी सगळं.

आमच्याकडे पाण्याचा ट्रे लग्नाच्या मुलीनेच आणायचा असतो. बहीण आली. फुलपात्रं निम्मी भरलेली होती. आत्यांनी एका दमात संपवलं आणि फुलपात्र पुन्हा पुढे केलं. काकांनीही केलं. बहीण "आणते" म्हणून आत गेली. आतलं उरलेलं चहाला लागलं होतं. ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

बाहेर आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो होतो. मी बाटल्या पुढे केल्या. आत्या म्हणाल्या, "हाऊ गोड रंग नको भाऊ, पानीच दे." मुलाने खाली मान घातली होती. आत तांब्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा मी हसत म्हणालो, "काय सांगू, आमच्या हिला शिळ्या पाण्याचं भारी वावडं. भरलेले दोन कॅन मोरीत ओतून मोकळी झाली."

सगळे हसले. काका रुमालाने मान पुसत म्हणाले, "बठ्ठी केळी पानीवर पोसतस तुम्ही, अन् पाव्हनाले घोटभर पानी नही शे?" पुन्हा हसले. मीही हसलो. बायको पडद्यामागे उभी होती. पडद्याखाली तिची पावलं मला दिसत होती.

पोहे झाले, चहा झाला. बहिणीला नंतर बोलावून बसवलं, पण तिचे डोळे लाल होते आणि तिने प्रश्नांना हो-नाही एवढंच उत्तर दिलं. आठवड्याभरात मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घरचं वळण दिसलं.

बहीण दोन दिवस जेवली नाही. मग जेवली. पुढच्या वर्षी तिचं लग्न भुसावळला झालं. नवरा बरा होता, मुलं झाली, घर झालं. पण वहिनीशी ती पुष्कळ वर्षं कामापुरतंच बोलायची. घरातल्या लग्नांत ती चेष्टा ठरून गेली. वाढप्यांची नावं पुकारताना कुणीतरी हटकून ओरडायचं, "पाण्यावर वहिनीला उभं करू नका रे!" बायको भाजीचं पातेलं घेऊन निमूटपणे पुढच्या पंगतीकडे जायची.

माझी बदली शेवटी झालीच, धुळ्याला. तिथेही आम्ही दोन खोल्यांतच राहिलो आणि तिथेही पाण्याची तीच रड. बायको हंडे, पातेली, बरण्या, जे मिळेल त्यात पाणी भरून ठेवायची. मी कॅन काढून टाकले होते. एकदा बाजारात तो मास्तर दिसला, सोबत बायको आणि खांद्यावर लहान मूल. त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही नमस्कार केला नाही.

अक्का शेवटचं वर्ष आमच्याकडे होती. अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं बायको करायची. पण पाणी ती बायकोच्या हातून घेत नसे. नातीला हाक मारायची. बायकोने पेला पुढे केला की म्हणायची, "तुह्या हाती पानी टिकत नाही माय. पोरीले सांग." ती हे रागाने म्हणत नव्हती. सवयीने म्हणायची. मुलीला शाळेतून यायला उशीर झाला तर अक्का तशीच कोरड्या तोंडाने पडून राहायची. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो. शेवटी उठून मीच पाणी द्यायचो. सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. अक्का गेली तेव्हा मी सुट्टी काढली, सगळं रीतीप्रमाणे केलं. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

गेल्या दिवाळीत बहीण चार दिवस आमच्याकडे आली होती. दोघी आता म्हाताऱ्या. दोघींचे गुडघे दुखतात, त्यामुळे जमतं. दुपारी तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बहीण तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, की ती रात्रीचं पाणी सकाळी झाडांना घालते. बायको म्हणाली, "बरंय. मी तर मोरीत ओतायची." आणि दोघी हसायला लागल्या. बहीण म्हणाली, "वहिनी, त्या आत्याबाईचं फुलपात्र आठवतं का गं? असं पुढे धरलं होतं, जशी काही भीक." बायको पदराने डोळे पुसत हसत होती.

मी म्हणालो, "तिने ओतलं नव्हतं."

"काय?"

"ते कॅन. मी नेले होते. साहेबांकडे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "भाऊ, तुझं आता काही खरं नाही. चष्मा फ्रीजमध्ये ठेवतोस आणि म्हणे साहेबांकडे." बायको म्हणाली, "मला आठवतंय ना. मीच ओतलं. ओतायचीच मी." आणि त्यांनी पुन्हा डाळ पुढे ओढली. मी आणखी एकदा सांगितलं. बहीण म्हणाली, "बरं बरं. ओतलं असशील तूच. चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी ती भुसावळला गेली. तिला बसमध्ये बसवून मी परत आलो, तेव्हा बायको ओट्यापाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "कोणते साहेब?"

मी सांगितलं. बंगला कुठे होता तेही सांगितलं, आणि पत्र्याच्या पिंपाचंही.

तिने ओट्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाली, "अक्कांना सांगायचं होतं."

मी हो म्हणालो. तिने गॅस बारीक केला आणि मला ताट घ्यायला सांगितलं.