मागच्या दारचं माहेर

झुंबरबाईंच्या हातचे मांडे ज्यांनी अमळनेरात राहून खाल्ले नाहीत, त्यांची मला कीव येते. गल्लीत कुणाच्याही चुलीवर पालथं खापर चढलं की बोलावणं त्यांनाच जायचं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत त्या कोपरापर्यंत असा पसरवायच्या की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. नवरा लवकर गेला. या मांड्यांवर त्यांनी एकुलत्या एक निंबाला वाढवलं, स्वतःच्या नावावर घर केलं आणि सून आणली, सुंदरबाई.

सुंदरला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सुना माहेरी जातात, झोके घेतात, घसा बसेपर्यंत गातात. हिला न्यायला कोण येणार? झुंबरबाईंनी पहिल्याच वर्षी तोड काढली. सुंदरच्या हातात बोचकं दिलं, पुढच्या दारानं तिला बाहेर काढलं आणि गल्लीला वळसा घालायला लावून मागच्या दारानं आत घेतलं. वर भाकरतुकडाही ओवाळला. सण संपेपर्यंत ती सून नाही, आंडेर, म्हणजे लेक. भांड्याला हात लावायचा नाही. गल्ली हसली. मीही हसले, पण डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

पुढे सुंदरही मांडे शिकली. तिलाही बोलावणी येऊ लागली आणि तेच निंबाला खुपलं. घरात बसून खाणाऱ्याचा मान मोठा नाजूक असतो.

सत्याऐंशी सालच्या आखाजीच्या तोंडावर एका घरी सासूसुना मांडे करत होत्या. सुंदरचा मांडा फाटला. दुसराही फाटला. डावं कोपर उघडतच नव्हतं.

"काय व्हयनं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"पडनू, आत्याबाई."

त्यांनी तिची बाही वर सारली. पिरगळलेल्या हातावर बोटं उमटली होती.

तशाच काजळीच्या हातांनी त्या माझ्याकडे आल्या. आमच्या गावात वकिली करणारी बाई तेव्हा मी एकटीच.

"ताई, हाड मोडनं तरच कायदा बोलस का?"

"नाही," मी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी नवीन कलम आलंय. जिवाला, हातापायाला किंवा तब्येतीला मोठा धोका होईल असं नवऱ्यानं जाणूनबुजून वागणं म्हणजे छळ. शरीराचाच नाही, मनाचासुद्धा. बाईला जीव द्यावासा वाटेल इतकं गांजणं हाही छळच. पण तक्रार कोण देणार? सुंदर देईल?"

"ती नही देवाव. भ्यायेल शे."

"मग तिच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलं कुणी."

"लगीननं नातं म्हंजे मी बी?"

या कलमात सासूचं नाव मी नेहमी आरोपींमध्ये पाहत आले होते. "तुम्हीही. पण झुंबरबाई, निंबा कोठडीत जाईल. एकच मुलगा आहे तुमचा."

"तो मना आंडोर शे," त्या म्हणाल्या. "पन ती मनी आंडेर शे."

ठाण्यात जमादारांनी विचारलं, "मुलीच्या माहेरचं कोण आलंय?" झुंबरबाई पदर खोचून पुढे झाल्या. सही येत नव्हती, अंगठा दिला. मी शेजारी उभी होते. मला त्या बाईचा विलक्षण अभिमान वाटत होता.

निंबा आत असतानाच त्यांनी गवंडी बोलावून पुढचं दार विटांनी बुजवून घेतलं. भर उन्हात सगळी गल्ली बघायला जमली. "पोरगा आत गेला म्हणून बाईचं डोकं फिरलं," लोक म्हणाले.

जामिनावर सुटलेला निंबा थेट घरी आला. मी तेव्हा सुंदरच्या जबाबाचे कागद घेऊन तिथेच बसले होते. पुढे भिंत पाहून तो चरफडत मागे आला. मागच्या दारात झुंबरबाई उभ्या होत्या.

"माय, सरक. घरमा येऊ दे."

"सासरनं दार मी बुजी टाकं," त्या म्हणाल्या. "हाई तिना माहेरनं दार शे. आठे तू जवाई. बोलावाबिगर जवाई येत नही."

निंबा पायरीवरच राहिला. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि माझ्यासमोर बसून ओक्साबोक्शी रडल्या. बोलावणं मात्र शेवटपर्यंत धाडलं नाही.