साखऱ्याच्या जावयाचा सामना

निजामाच्या राज्यात बास्केटबॉल शिकवण्याचा पगार घेणारा हिंगोलीकडचा बहुधा मी पहिलाच इसम. हैदराबादेत ड्रिल मास्तरकीचं शिक्षण घेताना हा खेळ शिकून आलो. शाळेच्या मैदानात दोन खांब रोवले, त्यांना मोटेची लोखंडी कडी ठोकली आणि हुतूतू खेळणाऱ्या पोरांच्या हाती चेंडू दिला. पहिला महिनाभर पोरं चेंडू सोडून एकमेकांचे पायच धरत होती.

हेडमास्तरांना ही सगळी थेरं वाटत. एक दिवस त्यांनी बोलावून सांगितलं, "वाशीमच्या शाळेला हरवलं तर नोकरी कायम. न्हाई तर बिस्तर बांधा." घरी नुकतंच लेकरू झालं होतं. माझी झोपच उडाली.

सामना ठरला कनेरगाव नाक्याला, वऱ्हाडच्या हद्दीवर. माझी सगळी मदार साखरा गावच्या एका उंच पोरावर होती. कुणाच्याही हातातला चेंडू तो अलगद काढून घेई. त्या दिवशी मात्र समोरचा मुख्य खेळाडू चेंडू घेऊन आला की हा बाजूला सरून वाट देई. एकदा चुकून धक्का लागला, तर हा पठ्ठ्या वाकून त्याच्या पाया पडला. तेवढ्यात त्यानं चेंडू कड्यात टाकलाही!

मी ओरडलो, "काहून सोडून राहिला रे?"

"गुरुजी, ते आमचे दाजी हायेत."

"मैदानात कसले दाजी?"

"बहीण त्यांच्या घरी नांदून राहिली की. त्यांच्या हातातलं कसं हिसकावं?"

मध्यंतराला आम्ही पुरते मागे पडलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे बिस्तर दिसू लागलं. तेवढ्यात त्या पोराची आई दिसली. सामना संपल्यावर जावयाला जेवू घालायचं म्हणून ती बैलगाडीतून पुरणपोळ्या घेऊन आली होती. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "जावई उपाशीपोटीच खेळून राहिले वाटतं."

"अगं बाई!" म्हणत तिनं तिथंच पान मांडलं. चौथ्या पोळीला जावई म्हणाला, "मामी, पुरे आता."

"काहून? आमचं काही चुकलं का?"

यावर कुठला जावई नाही म्हणेल? तूप वाढलं गेलं, पाचवी पोळी आली, मग सहावी.

पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा जावई कड्याखाली पोट धरून उभा होता. आमच्या पोरानं तरीही हिसकावलं नाहीच. जावईच चेंडू पुढं करून म्हणे, "घे बाबा, तूच घे." दाजींनी दिलेलं नाकारायचं कसं? आम्ही एका बास्केटनं जिंकलो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला कायम केलं. "शिकवलं बराबर तुमी," असंही म्हणाले. मला लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता.

पुढं आयुष्यभर मी पोरांना एक नियम घालून दिला: खेळाआधी पोटभर जेवायचं नाही. काहून, असं विचारणाऱ्याला मात्र मी मैदानाला दोन चकरा मारायला लावत असे.