ड्रॅगनची ड्युटी
परवा कपाट आवरताना ड्रॅगनची एक जाडजूड कादंबरी हाती आली आणि कडेची पेन्सिलीतली अक्षरं पाहून सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवली. बाबांना स्टील प्लांटमधून रिटायर व्हायला महिना उरला होता आणि ते घरात बोलेनासेच झाले होते. मी कॉलेजातून आले तर फर्स्ट शिफ्टहून परतलेले बाबा बूटही न काढता माझी कादंबरी वाचत होते, आणि लॉगबुकात लिहावं तसं पानापानावर लिहीत होते. मला पाहताच कडाडले, "एका फुंकरीत लोखंडी दरवाजा वितळला? काहून फेकून राहिला हा लेखक? फर्नेसले कोळसा लागते, हवा लागते!" मी म्हटलं, "बाबा, जादू आहे ना ती." "जादूलेबी ड्युटी करा लागते, बेटा," म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसले. मग चहा निवेस्तोवर आम्ही भांडलो. कादंबरीच्या शेवटी म्हातारा ड्रॅगन कायमचा झोपतो, त्याखाली त्यांनी लिहिलंय, 'पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याबिगर ड्युटी सोडता येत नाही.' आता नवी कादंबरी आणली की आधी बाबाच वाचतात, आणि त्यांचं शेवटचं पान संपेपर्यंत मी शेजारी ताटकळत बसते, त्यांची रिलीव्हर.