खंडेनवमीला दिलेला शब्द

साताऱ्याच्या ज्ञानदाने सांगलीच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता वीज मंडळात चिकटेल. तिला मात्र कारखान्यांतून वीज वाचवण्याचं काम करायचं होतं. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. असलं काही शिक्षण असतं, नोकरी असते, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे दिवे बंद करत फिरायचं होय?" तिचा मामा सुमंत भरपंगतीत म्हणाला. "ते आमची आजी फुकट करायची!"

सगळे हसले. तिची आई उमाताई तेवढ्या हसल्या नाहीत. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी परगावी राहणार, कारखान्यातल्या पुरुषांत वावरणार, याची त्यांना धास्ती होती. पण पलूसजवळ पंपाचे भाग बनवणाऱ्या मदनशेठनी ज्ञानदाला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि उमाताईंचा जीव भांड्यात पडला. मदनशेठ म्हणजे ज्ञानदाच्या वडिलांचे जिवलग मित्र. "वहिनी, ती माझीच लेक समजा," ते म्हणाले होते. "वाचवू दे तिला काय वाचवायची ती वीज."

कारखान्यात तिला 'बचतबाई' हे नाव पडायला आठवडाही लागला नाही. तिने ते हसत स्वीकारलं आणि एकेका मोटारीमागे लागली.

तिथली बरीचशी यंत्रं हवेच्या दाबावर चालत. ती हवा पुरवायला तीन मोठे कंप्रेसर अहोरात्र धडधडत असत आणि सगळ्यात जास्त वीज तेच खात. नळ्यांमधून हवा गळत असणार, असा ज्ञानदाला संशय होता. पण चालू कारखान्याच्या गोंगाटात गळती सापडावी कशी? त्यासाठी सगळी यंत्रं बंद हवीत आणि कंप्रेसर तेवढा चालू. हवा वापरणारं कुणीच नसलं तर टाकी भरून तो गप्प बसायला हवा. नाही बसला, तर हवा वाटेतच जाते आहे.

कारखाना पूर्ण थांबायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा पडत, नारळ फुटत, आणि पूजा झाल्यावर बटणाला हात लावायचा नाही हा नेम मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळत. ज्ञानदाने नेमका तोच दिवस मागितला.

कंप्रेसर सांभाळणारा आष्ट्याचा बाळासो दारातच आडवा उभा राहिला. "आवं ताई, आज देव हाय त्यो. आज चालवला तर वरीसभर लाभत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् खरं सांगू? हवा वाचली की मशीन बंद. मशीन बंद, तर मशीनवाला बी बंद."

ज्ञानदाने मदनशेठना बोलावून आणलं. ते पूजेच्या कपड्यांतच आले. माळ घातलेल्या कंप्रेसरवर त्यांनी तळहात टेकवला. "बाळासो, यावर हात ठेवून सांगतो. हिच्या कामामुळे एकाचीही भाकरी जाणार नाही."

बाळासोने ज्ञानदाकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने यंत्राला नमस्कार केला, माळ उतरवली आणि बटण दाबलं.

कंप्रेसर गप्प बसलाच नाही. सुन्या कारखान्यात चहूकडून फुसफुस ऐकू येत होती. "आयला, निम्मा कारखाना हितंच उसासतोय की!" बाळासो म्हणाला आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन तिच्यापुढे धावू लागला. जोडावर पाणी टाकायचं, बुडबुडे आले की खडूची खूण करायची. "बचतबाई, हितं बी! ह्ये बघा, हितं तर लय!" नेम मोडल्याची भीती तो पार विसरला होता.

दिवाळीनंतर सगळे जोड दुरुस्त झाले आणि एकाच कंप्रेसरवर कारखाना चालू लागला. आपण निवडलेली वाट खरी होती, असं ज्ञानदाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

संक्रांतीला ती साताऱ्याला जाऊन आली. परतल्यावर फाटकावरचा जोतिबा तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाळासोला काढला. जोडीच्या दोघास्नी बी. तुमीच सांगितलं म्हनं."

ती तडक मदनशेठच्या खोलीत गेली. "काका, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, दोन कंप्रेसर बंद ठेवता येतात हे तूच सिद्ध केलंस ना? मग बंद यंत्राजवळ माणसं बसवून काय करू?"

"आणि माझं नाव का सांगितलंत?"

"माझं सांगितलं असतं तर फाटकावर घोषणा झाल्या असत्या. तुला कोण काय बोलणार?" ते हसले, अगदी घरच्यासारखे. "बस. चहा मागवतो. पुढच्या महिन्यापासून तू मॅनेजर. वहिनींना फोन कर, आनंद होईल त्यांना."

ती बसली नाही. दुपारच्या गाडीने आष्ट्याला गेली.

बाळासो अंगणात होता. त्याने तिला खाट दिली. त्याच्या बायकोने, धोंडुबाईने, चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"बाळासो, मी तुम्हाला काढायला सांगितलं नव्हतं."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय ताई. शेठचं शबूद आमी लय ऐकल्यात. त्येच्यासाठी म्या देवाच्या दिवशी बटण दाबलं न्हाई. तुमी मान हलवली, म्हून दाबलं."

चहा तिने कसाबसा संपवला. निघताना ती उंबऱ्यापाशी जराशी रेंगाळली. घरी आलेल्या लेकीबाळीला कुंकू लावल्याशिवाय त्या गावात कुणी जाऊ देत नसे. करंडा समोरच्या कोनाड्यात दिसत होता. धोंडुबाई चुलीपुढून उठली नाही.

आष्ट्याच्या स्टँडवर पलूसची गाडी लागलेली होती. कंडक्टरने दोनदा हाक मारली. ज्ञानदा सांगलीच्या गाडीत जाऊन बसली. पलूसच्या त्या कारखान्याचं फाटक तिने पुन्हा ओलांडलं नाही.