जाळ्यात तीन बोटं

मी दर रविवारी जानेफळजवळच्या तलावावर मासे घ्यायला जातो, तेव्हा एक मच्छीमार काठावर उकिडवा बसलेला असतो. कानामागे न पेटवलेली बिडी असते आणि बोलताना नजर माणसाकडे नाही, पाण्याकडे असते. मच्छीमार सोसायटीनं जाळी तपासायचं काम त्याच्यावर सोपवलंय. प्रत्येक जाळ्याच्या भोकात तो तीन बोटं घालून बघतो. ती गेली नाहीत, तर जाळं बारीक. म्हणजे तलावात सोडलेली पिल्लंही त्यात अडकणार. असं जाळं ज्याचं त्यानंच सगळ्यांसमोर कापायचं, ही त्यांची रीत.

गेल्या रविवारी त्याच्या थोरल्या भावाच्या जाळ्यात तिसरं बोट काही जाईना.

"काप, दादा," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"घरचंच जाळं दिसते का तुले?" भाऊ विळा घेऊन उठला. मी पिशवी सावरत मागे सरकलो.

त्यानं बोटं काढली नाहीत. उलट जाळ्यासकट हात पुढे धरला.

"हात काढ बे."

"आधी काप. मंग काढतो."

विळा त्याच्या मनगटापाशी येऊन थांबला. हात हलला नाही. शेवटी भाऊ वाकला आणि त्यानं बोटांभोवतीचा एकेक धागा तोडला.

जाळं गळून पडल्यावर त्यानं कानामागची बिडी काढून भावापुढे केली. या वेळी तो पाण्याकडे बघत नव्हता. भावानं बिडी घेतली नाही, आणि विळाही खाली ठेवला नाही.

त्यानं बिडी परत कानामागे खोचली आणि भावाकडे पाठ करून पुढचं जाळं ओढलं.